स्पीकर जुनेच आहेत हो, मग रिसीव्हर कुठला घ्यायचा?

संपादक महोदय,
स. न.

गेल्या शनिवारच्या पुरवणीत तुम्ही घरात थिएटर कसं करावं यावर लेख छापला होता. त्यात एक वाक्य होतं की रिसीव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन सगळ्या स्पीकरना ताकद देणारा डबा) घेताना जेवढे वॅट जास्त तेवढं चांगलं, आणि बरोब्बर त्याच पानावर खाली दिवाळीची अर्ध्या पानाची जाहिरात, लाल अक्षरात '१००० वॅट'. मी चहा पीत होतो, हसू पण आलं आणि चिडचिड पण झाली, कारण असल्याच एका आकड्याच्या नादी लागून माझे पैसे आणि अख्खा एक उन्हाळा वाया गेलाय. म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबणार आहे, कापायचं तर कापा पण वॅटचं तेवढं ठेवा.

मी काही इंजिनियर नाही, पोस्टातून रिटायर झालोय, राहतो साताऱ्यात. गाण्याचं आणि पिक्चरचं वेड आहे एवढंच. १९९४ साली मी स्पीकर करून घेतले होते, विकत नाही बरं का, करून घेतले. तेव्हा आमच्यासारख्यांना कंपनीचे स्पीकर परवडायचे नाहीत, मग पुण्याच्या तपकीर गल्लीतून वूफर (खालच्या सुरांचा), ट्विटर (वरच्या सुरांचा), क्रॉसओव्हर (सूर त्या दोघांत वाटून देणारं सर्किट) असं सगळं सुटं आणायचं आणि खोकी आपल्या सुताराकडून करून घ्यायची. प्रत्येक खोक्यात आठ इंची दोन वूफर आणि वर एक ट्विटर, १९ एमएमचं प्लाय, बाहेरून सागवानी व्हिनियर, आतून गोधडीचा कापूस भरलेला (सुताराच्या बायकोने दिला होता तो). एकेक खोकं उचलायला दोन माणसं लागतात. मधे एकदा वूफरच्या कडेचा फोम कुजून हाताला चिकटायला लागला होता, फोम असा पंधरा वीस वर्षांत कुजतोच, तो गल्लीतल्याच एकाकडून बदलून घेतला. बाकी तीस वर्षं झाली, तक्रार नाही. त्यांच्याबरोबर गल्लीतल्याच एका मेकॅनिकने जोडून दिलेला अ‍ॅम्प्लिफायर होता, ३०५५ ट्रान्झिस्टरवाला, त्याचा ट्रान्सफॉर्मर एवढा मोठा की उचलताना कमरेत उसण भरेल.

आता मुलीने मोठा टीव्ही पाठवला, ओटीटी आलं, म्हणलं चला आता फाइव्ह पॉइंट वन करू (पाच स्पीकर आणि अगदी खालच्या सुरांचा एक सबवूफर, प्रत्येकाचा आवाज वेगळा, त्याला चॅनल म्हणतात), स्पीकर पुढचे आहेतच, फक्त रिसीव्हर घ्यायचा. पुण्यातल्या एका मोठ्या शोरूमला गेलो. तिथला मुलगा चांगला होता बोलायला, सर बसा, सर पाणी घ्या, पहिला प्रश्न काय, तर "सर बजेट किती?" मग दहा मिनिटं त्याने हेलिकॉप्टर डोक्यावरून गेल्यासारखा डेमो लावला, कान बधिर. मी म्हणलं माझ्याकडे स्पीकर आहेत जुने, मोठे आहेत. तर म्हणाला, "काही टेन्शन नाही सर, हा पर चॅनल १४५ वॅट आहे, कुठलेही स्पीकर उचलेल." कुठलेही! स्पीकर कसले आहेत, किती ओहमचे (म्हणजे करंटला किती अडवतात), खोली केवढी, हे त्याने एकदाही विचारलं नाही आणि मी पण सांगितलं नाही कारण मलाच माहीत नव्हतं. बेचाळीस हजार मोजून आलो.

पहिले आठ दिवस मजा. मग एका रात्री पिक्चर ऐन रंगात आलेला असताना आतून टक्क असा आवाज झाला आणि सगळं शांत, पुढचा लाल दिवा उघडझाप करायला लागला. बंद करून अर्धा तास थांबलं की परत चालू. दुसऱ्या दिवशी तेच. एप्रिल महिना, साताऱ्यातलं ऊन तुम्हाला काय सांगू, त्यात रिसीव्हर शोकेसच्या काचेच्या दाराआड आणि त्याच्या डोक्यावर आमच्या हिने भरतकामाचा रुमाल घातलेला, धूळ बसू नये म्हणून! हात लावला तर पापड भाजता येईल. रुमाल काढला, दार उघडं ठेवलं, थोडा फरक पडला पण टक्क काही थांबेना. सर्व्हिसवाला तीनदा येऊन गेला, एकदा बोर्ड बदलला, शेवटी म्हणाला काका तुम्ही आवाज कमी ठेवा. अहो मग घेतला कशाला?

शेवटी मी गल्लीतल्या त्या जुन्या मेकॅनिकला फोन लावला, आता सत्तरीचे आहेत, दुकान मुलगा बघतो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला की "स्पीकर किती ओहमचे आहेत?" म्हणलं माहीत नाही, मागे लेबल नाही, खोकी सुताराने केलीत. म्हणाले मीटर आहे का घरात? वायर काढा स्पीकरच्या आणि लावा. पोस्टातल्या माणसाकडे मीटर असायचं काही कारण नाही पण शेजारच्या इलेक्ट्रिशियनचं आणलं, काटेवालं नाही, आकडेवालं, आणि स्पीकरच्या दोन टर्मिनलला लावलं. ३.३ आलं. फोनवर सांगितलं तर पलीकडून हसले. "मग चार ओहमचे झाले ना ते. आठ-आठचे दोन वूफर मीच पॅरलल लावलेत त्यात, विसरलात का?" दोन सारखे असे पॅरलल जोडले की ओहम निम्मे होतात.

हे ज्यांच्याकडे लेबल नसलेले स्पीकर आहेत त्यांनी लक्षात ठेवावं. मीटरवर जो आकडा येतो तो स्पीकरच्या आतल्या वेटोळ्याच्या नुसत्या तारेचा रेझिस्टन्स असतो, स्पीकरचा ओहम म्हणून छापतात त्यापेक्षा तो थोडा कमीच येतो. सहा साडेसहा आला तर स्पीकर आठ ओहमचा समजायचा, साडेचार पाचच्या आसपास आला तर सहाचा, सव्वातीन साडेतीन आला तर चारचा. आणि हा काही कायम एकच राहत नाही, गाणं वाजताना खालच्या वरच्या सुरांप्रमाणे वर खाली होत राहतो, आठवाला मधेच पाचपर्यंत उतरतो पण. मग मी रिसीव्हरचं मॅन्युअल काढलं (तोपर्यंत प्लॅस्टिकमध्येच होतं), त्यात स्पष्ट लिहिलेलं, स्पीकर ६ ते १६ ओहम. म्हणजे चूक माझी पण होतीच, नाही असं नाही.

आता हे ओहमचं प्रकरण नक्की काय ते मला समजलं तसं सांगतो. रिसीव्हरचा व्हॉल्यूम वाढवतो तेव्हा आपण स्पीकरला जाणारं व्होल्टेज वाढवत असतो. समजा २० व्होल्ट जातायत, स्पीकर आठ ओहमचा असेल तर तो अडीच अँपियर करंट ओढेल, ५० वॅट झाले. तोच चार ओहमचा असेल तर तेवढ्याच व्होल्टला पाच अँपियर ओढणार, १०० वॅट. ऐकायला छान वाटतं, दुप्पट पॉवर, पण तो दुप्पट करंट द्यायचा कोणी? आतल्या ट्रान्सफॉर्मरने आणि ट्रान्झिस्टरने. ते दमतात, तापतात आणि शेवटी रिसीव्हर स्वतःला वाचवायला टक्क करून बाजूला होतो. आमच्या जुन्या ३०५५वाल्याला काही होत नव्हतं कारण मेकॅनिकने ट्रान्सफॉर्मरच तेवढा दणकट घातला होता, त्याला माहीत होतं पुढे काय जोडायचंय. सगळा फरक इथेच आहे बघा, आधी स्पीकर ठरले होते, मग त्यांच्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर केला होता.

काही रिसीव्हरच्या मागे किंवा मेनूमध्ये ओहमचा स्विच असतो, तो चारवर टाकला की झालं असं लोक सांगतात. त्याने आतलं व्होल्टेज कमी होतं, म्हणजे रिसीव्हर कमी तापतो खरा पण ताकद पण कमी मिळते. म्हणजे जड सामान आहे म्हणून बैलगाडीला बैल जास्त न लावता गाडीच हळू हाकायची तसं. माझ्याकडे तो पण होता मेनूमध्ये लपवलेला, टाकून बघितला, टक्क थांबलं पण आवाजातला जीव गेला.

बरं आता ते १४५ वॅट. मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात मला दोन ओळी सापडल्या, भिंग घेऊन वाचल्या. एका ओळीत १४५ वॅट, पण ते ६ ओहमला, फक्त एकच चॅनल चालू असताना, १ किलोहर्ट्झच्या एकाच सुरावर, १ टक्का डिस्टॉर्शन (आवाज बिघडण्याचं प्रमाण) धरून. दुसऱ्या ओळीत ८० वॅट, ८ ओहमला, दोन चॅनल चालू, २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत (म्हणजे कानाला ऐकू येणारे सगळे सूर), ०.०८ टक्के डिस्टॉर्शन. एकच मशीन! खोक्यावर, शोरूमच्या पाटीवर आणि तुमच्या पेपरातल्या जाहिरातीत कुठला आकडा येतो ते सांगायला नको. आणि पिक्चर बघताना काय एकच चॅनल वाजतो का? पाच वाजतात, सात वाजतात, सगळ्यांचा ट्रान्सफॉर्मर एकच. सोसायटीत एका टाकीवर सात नळ असतात, एकच सोडला तर बादली भराभर भरते म्हणून काय सातही नळांना तेवढंच पाणी येणारे का? काही कंपन्या तर त्याच्याही पुढे जाऊन १४५ ला सातने गुणतात आणि 'टोटल १०१५ वॅट' छापतात. त्याच मशीनच्या मागच्या पत्र्यावर वीज किती लागते ते बघा, चारशे वॅटच्या आसपास काहीतरी असतं. तो आकडा म्हणजे अगदी कमाल नसतो आणि क्षणभर जास्त खेचता येतं हे मला मान्य आहे, पण तरी आत चारशे आणि बाहेर हजार हा चमत्कार महावितरणला कळला पाहिजे एकदा.

हे काय नवीन नाही म्हणा. आठवतंय का ते पीएमपीओ, क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा? नव्वदच्या दशकात टू-इन-वनवर सोनेरी स्टिकर असायचा, २००० वॅट पीएमपीओ, आणि आत स्पीकर पोह्याच्या बशीएवढा. पीएमपीओ गेलं पण स्टिकर लावणारा हात तोच आहे.

अमेरिकेत याच्यावर १९७४ पासून नियम आहे, तिथलं फेडरल ट्रेड कमिशन आहे त्यांचा, अ‍ॅम्प्लिफायरचे वॅट सांगायचे तर कसे मोजले ते पण सांगा असा. होम थिएटर आल्यावर पाच सात चॅनलची पळवाट निघाली म्हणून २०२४ ला तो अजून कडक केला, ८ ओहमला मोजा, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ मोजा, डिस्टॉर्शन १ टक्क्याच्या आत ठेवून मोजा. आपल्याकडे पंख्यावर, फ्रिजवर स्टार असतात, बल्बवर वॅट खरे असतात, मग साउंडवरच का हा शिमगा?

यातली खरी गंमत अशी की मुळात एवढे वॅट लागतातच कुठे. स्पीकरच्या मागे (कंपनीचा असेल तर) ओहमच्या शेजारी अजून एक आकडा असतो, सेन्सिटिव्हिटी, ८७ डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) वगैरे. म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर ८७ डीबी आवाज. घरातले बहुतेक स्पीकर ८४ ते ९० च्या मधे असतात. आता आपण बसतो तीन मीटरवर, म्हणजे दहा एक फूट, तेवढ्या अंतरात साधारण साडेनऊ डीबी कमी होतात, खोलीच्या भिंती थोडे परत देतात ते सोडा. उरले साडेसत्त्याहत्तर. थिएटरमध्ये एका चॅनलचा सगळ्यात मोठा आवाज १०५ डीबीपर्यंत धरलेला असतो, तो फ्लॅटमध्ये लावून बघा, खालचे काठी घेऊन वर येतील. त्यापेक्षा १५ कमी म्हणजे ९० डीबीचे धमाके घरात पुष्कळ होतात. साडेसत्त्याहत्तरवरून नव्वदला जायला साडेबारा डीबी हवेत, आणि दर १० डीबीला पॉवर दहापट लागते, या हिशोबाने होतात सुमारे १८ वॅट. अठरा! ते पण धमाक्याच्या क्षणाला, बाकी वेळ बायाबापड्या बोलत असतात तेव्हा एक वॅट पण नाही.

पण तेच थिएटरएवढ्या फुल आवाजाचा हट्ट धरला तर साडेसत्तावीस डीबी हवेत, म्हणजे साडेपाचशे वॅटच्या वर, ते पण एकेका स्पीकरला. त्या मशीनचा १४५ चा आकडा पण तिथे पोचत नाही आणि ८० चा पण नाही. त्या दोन आकड्यांत फरक किती पडतो कानाला? पॉवर दुप्पट केली तर ३ डीबी वाढतात, म्हणजे रिमोटवर थोडंसंच वर. त्यापेक्षा ८४ डीबीच्या जागी ९० डीबीचे स्पीकर असतील तर तेवढ्याच आवाजाला चौथाई पॉवर पुरते. म्हणून म्हणतो आधी आपल्या स्पीकरच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचा.

आणि एक, लोकांना वाटतं मोठ्या रिसीव्हरने स्पीकर उडतात. उडतात, पण छोटा रिसीव्हर त्याच्या कुवतीबाहेर पिळला तरी उडतात, आणि तेव्हा पहिला बळी ट्विटरचा जातो. आवाज फाटायला लागला की समजायचं याची शिट्टी झालेली आहे, गॅस बंद करा.

आमच्या मेहुण्यांची गोष्ट वेगळीच. त्यांच्या मुलाने न्यू जर्सीहून येताना बॅगेत रिसीव्हर आणला, तिकडे सेल लागला होता म्हणे निम्म्या किमतीत. इकडे आल्याबरोबर पिन बदलायचा अडाप्टर लावून डायरेक्ट प्लगमध्ये. अमेरिकेत १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. वास आला, धूर आला, विषय संपला. मागच्या पत्र्यावर एसी १२० व्होल्ट असं ठळक लिहिलेलं होतं, ते नंतर सगळ्यांनी वाचलं. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालतात असले, पण तो पण चांगल्या वजनाचा घ्यावा लागतो आणि वॉरंटी इकडे कोणी विचारत नाही. सेलचे पैसे तिथेच संपतात.

बहिणीकडे अजून तिसरा प्रकार. तिचा दहा वर्षं जुना डीव्हीडीवाला डब्यातला होम थिएटर सेट, त्यातला प्लेअर गेला, स्पीकर चांगले आहेत, तर नुसता रिसीव्हर घेऊ का असं तिने मला विचारलं, आता मी तज्ज्ञ झालोय ना. स्पीकर उलटा केला, मागे ३ ओहम. प्लग पण रंगीत, त्या सेटलाच बसणारे, कापून वायर सोलावी लागली असती. सगळ्यात मोठी फसगत सबवूफरची. त्या सेटच्या सबवूफरच्या आत अ‍ॅम्प्लिफायर नसतो, तो प्लेअरमध्येच असायचा. रिसीव्हरच्या मागे सबवूफरसाठी जे एक आरसीएचं भोक असतं त्यातून नुसता सिग्नल येतो, ताकद नाही, तिथे हा सब जोडला तर हूं की चूं नाही. त्याला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर हवा नाहीतर पॉवर्ड सबवूफर घ्या. मी तिला सांगितलं हे सगळं भंगारवाल्याला दे आणि आधी दोन बरे स्पीकर घे ८ ओहमचे, बाकी पुढच्या दिवाळीला. रागावली. नंतर ऐकलं तिने.

माझं पुढे काय झालं ते सांगतो. मेकॅनिककाकाच म्हणाले, अहो तुमचा जुना अ‍ॅम्प्लिफायर कुठाय? माळ्यावर. मग त्याला रिटायर कशाला करताय, पुढच्या स्पीकरचं काम त्यालाच द्या, रिसीव्हर असा बघा ज्याला पुढच्या दोन चॅनलचे प्री-आउट आहेत. हे प्री-आउट म्हणजे रिसीव्हर नुसता सिग्नल बाहेर देतो, ताकदीचं काम दुसऱ्याकडे. माझ्या बेचाळीस हजारवाल्याला ते नव्हते, स्वस्तातल्याला शक्यतो नसतातच, फक्त सबवूफरचं असतं. तो मी घाटा खाऊन विकला, किती ते हिला अजून माहीत नाही, म्हणून इथे पण लिहीत नाही. आणि एका ओळखीच्या माणसाकडून सेकंडहँड घेतला ज्याच्यावर वॅट कमी लिहिलेत, ९०, पण प्री-आउट आहेत, मॅन्युअलमध्ये ४ ओहम चालेल असं छापलंय आणि वजन आधीच्यापेक्षा चार किलो जास्त. उचलून बघणे ही पण एक परीक्षा आहे बरं का, ट्रान्सफॉर्मर लोखंड आणि तांब्याचा असतो, तो जाहिरातीत फुगवता येत नाही.

३०५५वाला माळ्यावरून काढला, त्याच्यातले दोन कपॅसिटर फुगले होते ते बदलून आणले, आणि रिसीव्हरच्या प्री-आउटमधून वायरी त्याला जोडल्या. त्याचा व्हॉल्यूम एका जागी ठेवायचा असतो, रोज हलला तर सगळा हिशोब बिघडतो, म्हणून हिच्या नेलपॉलिशने बटणावर आणि पॅनेलवर एक लाल रेघ ओढलीय, रेघेला रेघ जुळली पाहिजे. चालू केल्यावर बारीक हूं असा आवाज यायचा, तो दोन दिवस शोधला, तर सेट-टॉप बॉक्सची केबल काढली की बंद व्हायचा. अर्थिंगचा घोळ. केबलवाल्याकडून एक छोटा आयसोलेटर बसवून घेतला तेव्हा गेला.

सेंटर स्पीकरचं पण सांगतो कारण सगळे तिथे फसतात. आपले पुढचे दोन जुने, आणि मधला नव्या कंपनीचा घेतला की माणूस पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालत बोलतो तेव्हा मधे आल्यावर त्याचा आवाजच बदलतो, सर्दी झाल्यासारखा. मी एक आणून बघितला आणि परत केला. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये सेंटर 'नाही' असं टाकता येतं, मग डायलॉग पुढच्या दोघांतून वाटून येतात आणि मधोमध बसलं तर बरोब्बर पडद्यातून आल्यासारखे वाटतात. कडेला बसणाऱ्याला नाही वाटत तेवढे, पण आमच्याकडे कडेला बसणारा मोबाइलच बघत असतो.

मग तो माइकवाला प्रकार. रिसीव्हरबरोबर छोटा माइक येतो, तो आपण बसतो तिथे डोक्याच्या उंचीवर ठेवायचा, मी चार उशांवर ठेवला, आणि रिसीव्हर प्रत्येक स्पीकरमधून चिरक्या शिट्ट्या वाजवून अंतर आणि आवाज स्वतः मोजतो. पहिल्यांदा लावलं आणि शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी झाली, स्क्रीनवर आलं की खोलीत आवाज जास्त आहे. दुसऱ्यांदा भाजीवाला. शेवटी पहाटे पाचला उठून केलं. त्यातून कळलं की मागच्या एका स्पीकरची लाल काळी वायर मी उलटी जोडलीय. उलट्या वायरीने स्पीकर जळत नाही पण दोघांचे सूर एकमेकांना खातात, दम निघून जातो. सबवूफरचं अंतर त्याने सोळा फूट दाखवलं, खरं आहे दहा, मला वाटलं चुकलं, पण सबवूफरच्या आतल्या सर्किटमध्ये सिग्नलला उशीर होतो तो धरून तो असं दाखवतो, तसंच ठेवायचं. आणि पुढचे स्पीकर केवढेही मोठे असले तरी मेनूमध्ये 'स्मॉल' करून ८० हर्ट्झवर कापायचे, त्याच्या खालचं सगळं सबवूफरकडे. माझ्या सागवानी खोक्यांना स्मॉल म्हणायला जिवावर आलं पण केल्यावर आवाज मोकळा झाला हे खरं.

एचडीएमआयचं फार लिहीत नाही, टीव्हीच्या ज्या भोकाशेजारी एआरसी किंवा ईएआरसी (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे परत पाठवणारं) लिहिलंय त्यातच वायर घाला, एवढं केलं तरी निम्म्या तक्रारी संपतात. आणि अ‍ॅटमॉससाठी (डोक्यावरूनही येणारा आवाज) ५.१.२, म्हणजे फाइव्ह पॉइंट वन आणि वर दोन स्पीकर, करायचं तर सात चॅनलचा रिसीव्हर लागतो, पाचचा नाही, नुसता स्टिकर बघू नका.

तर संपादक साहेब, मागणी एवढीच आहे. जाहिरात छापू नका असं नाही म्हणत, तुमचं पण घर चालायला पाहिजे. पण वॅट छापताना शेजारी छापायला लावा की किती ओहमला, किती चॅनल एकदम चालू असताना, किती डिस्टॉर्शनला, आणि हा रिसीव्हर कमीत कमी किती ओहमचा स्पीकर चालवतो. एक ओळ जागा लागेल, ती त्या लाल आकड्यातून काढा, बराच मोठा असतो. आणि लेख लिहिणाऱ्यांना सांगा की पहिला प्रश्न 'बजेट किती' नसून 'स्पीकर कुठले' हा असतो. ग्राहक पंचायतीच्या लोकांनी पण हे बघावं.

नाव छापू नका, सर्व्हिसवाला आमच्याच पेठेत राहतो.

आपला,
एक जुना वाचक, सातारा

ता. क. — शोकेसच्या पाठीमागचं प्लाय हवा जायला कापायचं होतं. सुताराला फोन केला तर तो आता नाही म्हणाले, त्याचा मुलगा आला. त्याने आधी स्पीकरची खोकी बघितली, कोपऱ्यावर बोटं फिरवली, वाकून खालचा जोड बघितला आणि मग शोकेसला हात घातला. पैसे विचारले तर प्लायचे घेतले फक्त.